उघड्या तोंडाचा फोटो

घर घेताना माणूस करत नाही एवढा विचार सिद्धार्थ एका लेन्सचा करत होता, आणि तीही सेकंडहँड.

सोमवार ते शुक्रवार तो विम्याच्या कंपनीत क्लेमचे कागद तपासायचा. खरा सिद्धार्थ बाहेर पडायचा तो सुट्टीच्या दिवशी, गळ्यात कॅमेरा अडकवून. दादरला नाट्यगीतांची मैफल, गिरगावात गणपतीतला ऑर्केस्ट्रा, परळच्या एखाद्या पबमध्ये कानठळ्या बसवणारी पोरं आणि घरच्या भोईवाड्यात भीमगीतांचे कार्यक्रम. गाणाऱ्या माणसाचा फोटो काढावा तर यानेच, असं चार लोक म्हणायला लागले होते. अडचण एकच होती. त्याची लेन्स कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेली होती. फुकटचं ते पौष्टिक म्हणतात, पण फुकटच्या लेन्सला अंधारात दिसत नाही. स्टेजवरचे दिवे घडीत लाल घडीत निळे, गाणारा माणूस जागेवर ठरत नाही, आणि या लेन्सने काढलेल्या फोटोत गाणाऱ्याच्या तोंडावर रवा सांडल्यासारखे दाणे.

त्याला हवी होती ‘दोन पॉइंट आठ’ची झूम. म्हणजे जिचा डोळा मोठा उघडतो, जी अंधारातही भरपूर उजेड आत घेते आणि जागचं न हलता लांबचं जवळ आणते. जागचं न हलता हे महत्त्वाचं. आपल्याकडच्या कार्यक्रमात फोटोग्राफर जरा उभा राहिला की मागून आवाज येतो, “ए, बस की खाली! काचेचा आहेस काय?” शिवाय या लेन्सची आणखी एक गंमत असते. जिच्यावर ती रोखाल ती वस्तू लखलखीत येते आणि तिच्या मागचं सगळं विरघळून जातं. बॅनर, वायरी, खुर्च्या, माणसं, काही म्हणून उरत नाही. फोटोवाले या विरघळण्यावर जीव टाकतात.

कॅमेऱ्याच्या कंपनीची कोरी लेन्स घ्यायची तर मोटारसायकल विकावी लागली असती, आणि मोटारसायकल नव्हती. उरल्या दोन. एक दुसऱ्या कंपनीची, नवी, हलकी, वॉरंटीवाली. पण तिची झेप स्टेजच्या काठापर्यंत. दुसरी फोर्टातल्या वैभवच्या दुकानात कुणीतरी विकायला ठेवलेली जुनी सत्तर-दोनशे मिलिमीटरची झूम. वजनाला वरवंटा. हात थरथरला तर सांभाळून घ्यायची सोय नाही. पण मागच्या खुर्चीवर बसून गायकाच्या पापण्या मोजून घ्याव्यात, अशी. सिद्धार्थ रोज व्हिडिओ बघायचा आणि रोज मत बदलायचा.

“स्थळ बघितल्यासारखं चाललंय तुझं,” वैभव वैतागून म्हणाला. तो सिद्धार्थचा कॉलेजपासूनचा मित्र, म्हणून वैतागायचा हक्क होता. “व्हिडिओत काय कळतंय? शनिवारी भाड्याने ने, प्रोग्राम मार. सोमवारी संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत परत आण, नाहीतर ठेवून घे. मंगळवारी मी थांबणार नाही, दुसरं गिऱ्हाईक मागे लागलंय.”

शनिवारी भोईवाड्यात रमाई जयंतीचा कार्यक्रम होता. गाणार होती प्रिती. तिचे वडील राजाराम यांनी काढलेली गायन पार्टी आता तीच चालवत होती. आणि त्या पार्टीत, सिद्धार्थ पाळण्यात होता तेव्हापासून, त्याची आई कमलाबाई कोरसला होती.

कोरस म्हणजे काय हे ज्याने कोरस दिलाय त्यालाच कळतं. पुढच्या गायिकेने ओळ टाकायची, मागच्या बायकांनी ती झेलायची आणि पुन्हा वर फेकायची. तेवढ्यात पुढचीला दम घेता येतो. आधी राजाराम आणि मग त्यांची लेक, दोघांनीही कमलाबाईंच्या गळ्याच्या भरवशावर दम घेतला. पण बॅनरवर नाव असतं ते दम घेणाऱ्याचं. कमलाबाईंना त्याचं वाईट वाटत नसे. पांढरी साडी नेसावी, शेजारच्या बकुळाबरोबर टेम्पोत बसावं, घसा बसेपर्यंत गावं आणि सकाळी डबे करायला उठावं, असा त्यांचा जन्म चालला होता.

हे आता थांबणार होतं. मंडळं म्हणायला लागली, एवढी माणसं नकोत, तिघं-चौघं आणा. प्रितीने कोरस स्टुडिओत भरून घेतला, दुसऱ्याच मुलींच्या आवाजात. शनिवारच्या कार्यक्रमानंतर तो स्पीकरमधूनच येणार होता. तिने घरी येऊन, पाया पडून सांगितलं. पोरगी वाईट नव्हती. रडलीसुद्धा.

ती गेल्यावर कमलाबाई भाकऱ्या थापायला बसल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “सिद्धू, शनिवारी माझा एक फोटू काढ. गातानाचा.”

“काढतो की.”

“तोंड उघडं असतानाचा काढ. मिटल्या तोंडाचे हायेत. आधारचा हाय, लग्नातला हाय. गातानाचा एक पण नाय.”

सिद्धार्थला चटका बसला. दोन वर्षं तो या पार्टीचे फोटो काढत होता. प्रितीचे होते, ढोलकीवाल्याचे होते, समोर नाचणाऱ्या पोरांचेही होते. आईचा एक नव्हता. ती मागे बसायची, त्याची लेन्स तिथवर पोचायची नाही, आणि दर वेळी तो म्हणायचा, पुढच्या वेळी. आता पुढची वेळ एकच उरली होती. “या वेळी भारी लेन्स आणतोय, आई,” तो म्हणाला. “पापणीन् पापणी येईल बघ.” मनापासूनच म्हणाला तो.

शनिवारी दिवेलागणीला गल्लीत स्टेज सजलं. सिद्धार्थने पहिल्या रांगेच्या कडेला खुर्ची धरली, वरवंटा कॅमेऱ्याला लावला, प्रितीवर रोखला, आणि त्याच्या तोंडून शिट्टीच निघाली. रवा गायब! तिच्या कपाळावरचा घाम दिसत होता. माइकच्या जाळीवर पडलेला श्वास दिसतोय की काय असं वाटत होतं. पोराच्या हाती नवी गाडी यावी तसं त्याचं झालं. लाल उजेडात फोकस धरतो का बघ, मान हलवली तर सुटतो का बघ, हात टेकवून बघ, न टेकवता बघ. गाण्यामागून गाणी चालली होती आणि तो लेन्स तपासत होता. आईचा काढायचाय हे त्याला आठवत होतं, विसरला असता तर बरं होतं. आठवत होतं आणि तो म्हणत होता, हे एवढं तपासून होऊ दे.

मध्येच एका गाण्यात त्याने लेन्स मागे वळवली. प्रितीच्या खांद्यावरून, ढोलकीवाल्याच्या पलीकडे, कोरसच्या बायका. झूम पुरती लांबवली आणि कमलाबाईंचा चेहरा एकदम समोर आला. घरात रोज दिसणारा चेहरा, पण असा नव्हे. मान वर, एक हात कानावर. आणि त्यांनी त्याला बघितलं. कॅमेरा आपल्याकडे वळलाय हे कळलं तशा त्या ताठ झाल्या, पदर नीट केला, शेजारी बकुळालाही कोपर मारलं. प्रितीने ओळ टाकली, आणि कमलाबाईंनी तोंड मोठं उघडून, लेकाच्या कॅमेऱ्याकडे बघत, ती झेलली.

सिद्धार्थच्या डोळ्यांना काय दिसलं? तर बॅनरवर सोडलेला हिरवा दिवा आईच्या अर्ध्या तोंडावर पडलाय. अर्ध्यावर कीबोर्डच्या स्टँडची सावली. आणि डोक्यामागे हात जोडलेल्या कुठल्याशा भावी नगरसेवकाचं नाक. फोटो घाण येणार, त्याच्या मनात आलं. पुढच्या गाण्याला दिवा बदलेल, तेव्हा घेऊ. तेवढ्यात प्रितीने तान वर नेली, तिच्यावर पांढरा झोत आला, आणि त्याने लेन्स पुढे फिरवली.

बटण त्याने दाबलंच नाही.

पुढच्या गाण्याला दिवा हिरवाच राहिला. त्याच्या पुढच्याला पाहुण्यांचे सत्कार लांबले. मग वेळ संपत आली म्हणून शेवटचं गाणं एका कडव्यात आटोपलं, लोक उभे राहिले, खुर्च्या वाजल्या आणि कोरसच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून स्टेजवरून उतरल्या. कमलाबाई घामाने निथळत त्याच्यापाशी आल्या. घसा पार बसला होता.

“काढलास ना? मी बघितलं तुला. लांबच लांब नळकांडं धरलेलंस माझ्याकडं.”

“हो,” सिद्धार्थ म्हणाला.

एका अक्षराचं खोटं, पण ते गिळायला त्याला रविवार पुरला नाही.

सकाळी त्याने सगळे फोटो लॅपटॉपवर उघडले. प्रिती अशी उतरली होती की त्याने आजवर काढलेल्या कुठल्याच फोटोला या फोटोंची सर नव्हती. त्याने एक तिला पाठवला, तिने तो सगळीकडे लावला, आणि जेवणापर्यंत त्याचा फोन वाजून वाजून गरम झाला. नाशिकच्या एका गायकाने विचारलं, आमच्या कार्यक्रमाला येणार का? हेच तर हवं होतं. लेन्स घ्यायची, ठरलं. त्यात आता शंकाच नव्हती, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. कारण प्रत्येक फोटोत प्रितीच्या मागे पांढरे डाग होते. एक डाग आई होती.

मोठं करून बघितलं, डाग मोठा झाला. मग त्याने फोनवर एक अॅप उतरवलं, पुसट चेहरे स्वच्छ करून देणारं. अॅपने क्षणात एक बाई करून दिली. रेखीव नाक, गुळगुळीत गाल आणि तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात. कमलाबाईंचा वरचा एक दात कधीच पडला होता. कुणाच्या तरी आईचा फोटो होता तो. सिद्धार्थने तो पुसून टाकला आणि लॅपटॉप मिटला.

खाई त्याला खवखवे. कमलाबाई एकदाही “दाखव” म्हणाल्या नाहीत, तरी त्या चहा घेऊन आल्या की तो फोनमध्ये डोकं घालायचा. त्या घाई करत नव्हत्या, उलट त्याला सांभाळून घेत होत्या. “काम असतंय गं त्याचं कम्प्युटरवर,” त्या गॅलरीत बकुळाला सांगताना त्याने ऐकलं. “लगेच नाय निघत. पण आलाय. मी बघितलंय ना.” बकुळा म्हणत होती, “माझा पण आला असंल त्यात. मी तोंड उघडलेलं.” या दोघींना खुळं समजायचं की स्वतःला नालायक, हे ठरवायला फार डोकं लागत नव्हतं.

सोमवारी त्याने अर्धी रजा टाकली. लेन्स अजून हातात होती आणि एक युक्ती सुचली होती. चोराला सुचते तशी.

“आई, ती पांढरी साडी नेस ना. घरात एक नीट काढतो. उजेड छान आहे.”

“आता? स्टेजवरचा आलाय ना?”

“आलाय. पण हा आणखी चांगला येईल.”

कमलाबाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि साडी नेसल्या. कॉटवर दाराच्या उजेडात बसल्या. सिद्धार्थ पार मोरीच्या कोपऱ्यात जाऊन उकिडवा बसला, कारण ती लेन्स जवळून माणसाला ओळखतच नाही. त्याने हिशेब केला होता: पांढरी साडी, मागे कम्प्युटरवर स्टेजचा पडदा लावायचा, जरा काळोख करायचा, म्हणजे स्टेज आहे की घर, कोण विचारतंय.

“हं, गा.”

कमलाबाईंनी कानावर हात ठेवला, तोंड उघडलं. आवाज निघेना. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं, आणि त्यांना हसू आलं.

“नाय येत रे. कोरस एकटीनं कसा द्यायचा? आधी कुणीतरी ओळ टाकायला पायजे.”

मग सिद्धार्थने ओळ टाकली. प्रितीची, शनिवारच्या गाण्यातली. गळा त्याला देवाने दिला नव्हता आणि देव त्यांच्या घरात मानतही नव्हते, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. ओळ सुरापासून एक गल्ली लांबून गेली. पण गेली मात्र, आणि कमलाबाईंची मान आपोआप वर झाली. बसल्या घशातून, खरखरीत, पण बरोब्बर जागेवर त्यांनी ती झेलली. खोली भरून गेली. सिद्धार्थने बटण दाबलं, दाबतच राहिला.

फोटो सुरेख आला. पडलेल्या दाताची खिंड दिसत होती, गळ्याची ताणलेली शीर दिसत होती, डोळे मिटलेले. वाचलो, त्याला वाटलं. त्याने कॅमेऱ्याचा पडदा आईपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या. “अशी दिसते होय मी?” मग म्हणाल्या, “मस्त काढलास. हा घरातला झाला. आता स्टेजवरचा लाव. दोन्ही शेजारी शेजारी बघू.”

आणखी एक खोटं तयार होतं. कार्ड बिघडलं, म्हणता आलं असतं. पण त्या चष्म्याआडून इतक्या आनंदाने बघत होत्या की त्याची जीभ उचलेना.

“स्टेजवरचा नाही काढला, आई.”

“म्हणजे? मी बघितलं की.”

“कॅमेरा धरला होता. दाबलं नाही.” त्याने मान वर केली नाही. “लाइट बरोबर नव्हता तुमच्यावर. हिरवा होता. म्हटलं चांगला नाही येणार. मग राहून गेलं.”

कमलाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिल्या.

“लाइट आमच्यावर कधी होता रे?” त्या म्हणाल्या. रागाने नाही. “म्हणून तर तुला सांगितलेलं.”

त्या उठल्या. त्याला वाटलं, रडतील. बोलतील तरी. त्याने मनातल्या मनात गाल पुढे केला होता. पण त्यांनी नुसता पदर सारखा केला आणि त्याच पांढऱ्या साडीत गॅलरीत गेल्या. बकुळा तिथे वेणी घालत बसली होती.

“अगं, नेसलीस कशाला? परत प्रोग्राम हाय का?”

“नाय. नेसले सहज.” कॉटवर बसलेल्या सिद्धार्थला एकेक शब्द ऐकू येत होता. “बकुळा, ते फोटू नाय आले गं आपले. भाड्याचं मशीन होतं ते. त्यात मागचं येतच नाय. पोरानं केली बिचाऱ्यानं लय खटपट, दोन दिवस झोपला नाय. त्याचा काय दोष नाय.”

बकुळाने वेणीची गाठ मारली. मग म्हणाली, “मी उगाच लेकीला फोन करून बसले. फ्रेम आण म्हटलं.”

“आणू दे. कशाला पण होते.”

“असू दे गं कमल. मागच्यांचं असंच असतंय.” आणि बकुळाने, कमलाबाईंना बरं वाटावं म्हणून असेल, शनिवारच्या गाण्याची ओळ हळूच टाकली. कमलाबाईंनी ती झेलली नाही.

उन्हं उतरली. फोर्टात वैभव वाट बघत असणार होता. लेन्स परत द्यायची की ठेवायची, सांगायला दुकान बंद व्हायच्या आत पोचायला हवं होतं. सिद्धार्थने लेन्स पिशवीत घातली, चपला घातल्या आणि दारापर्यंत गेला. तिथून तो मागे फिरला आणि चपला न काढताच कॉटवर बसला. जिन्याकडे जायला गॅलरी एकच होती, आणि तिथे त्या दोघी बसल्या होत्या.